आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : बाळंतिणीला दम अंगावर काढायला लावू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त आरोग्यसेविका. बाळंतपणाच्या अशक्तपणात सहज दडून जाणाऱ्या एका आजाराबद्दल लिहिते आहे. त्यात बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमजोर होतो. डॉक्टर त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात.

हृदयाच्या स्नायूचे आजार बरेच. कोणाचा स्नायू जाड होतो, तो बहुधा घराण्यातून येतो. कोणाचा ताठर होतो. कोणाचा दारूने, विषाणूने किंवा कॅन्सरच्या काही औषधांनी सैल पडून फुगतो. मी सांगते तो आजार मात्र धडधाकट बाईला गाठतो, नववा महिना लागल्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही. डाव्या कप्प्यातले निम्म्याहून जास्त रक्त दर ठोक्याला बाहेर पडायला हवे. इथे ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली येते. गरोदरपणात बीपी वाढलेले असेल, जुळी असतील किंवा वय तिशीपुढे असेल तर धोका जास्त. पण यातले काहीच नसताना झालेलाही मी पाहिला आहे.

ती माहेरी बाळंतपणाला आलेली पहिलटकरीण. बाळ दोन महिन्यांचे. आडवी झाली की घुसमटायची, म्हणून भिंतीला गोधड्यांची चळत लावून रात्रभर टेकून बसायची. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राही. आई म्हणाली, "ओली बाळंतीण आहे, सूज यायचीच." तोवर एका दवाखान्यातून खोकल्याचे औषध मिळाले होते. जिल्ह्याच्या गावी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा आजार कळला. गोळ्या नेमाने घेतल्या, आणि काही महिन्यांत हृदय सावरले. वेळेत कळले तर यातल्या बऱ्याच जणी सावरतात.

साहेब, अडचण इथेच आहे. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. पुढची भेट तिसऱ्या महिन्यात, आणि ती बाळासाठी : वजन, लसी, अंगावरचे दूध. त्या भेटीत आईच्या दमाची चौकशी झालेली मी क्वचितच पाहिली. माता मृत्यूची व्याख्याही ४२ दिवसांवर संपते. म्हणजे साठाव्या दिवशी हृदय थकून दगावलेली आई त्या आकड्यातही येत नाही.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. ४२व्या दिवसाच्या आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीत आईला तीन प्रश्न विचारायचे : आडवे झाल्यावर दम लागतो का, रात्री घुसमटून जाग येते का, पायांवर सूज आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर नाडी, बीपी आणि छाती त्याच दिवशी डॉक्टरने तपासावी. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी व्हावा, एकोसाठी तारीख आणि गाडी दोन्ही मिळावे. निदान झाल्यावर गोळ्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात. गोळ्यांसाठी दर महिन्याला जिल्ह्याला जायचे तर दोन फेऱ्यांनंतर औषध सुटते.

आणखी एक. हृदय पूर्ण सावरण्याआधी पुन्हा दिवस गेले तर बाईच्या जिवावर बेतू शकते. हे तिला, नवऱ्याला आणि सासूला एकत्र बसवून सांगायला हवे, आणि तांबी किंवा दुसरे योग्य साधन डॉक्टरांनी तेव्हाच ठरवून द्यावे. माता-बाल संरक्षण कार्डावर यासाठी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका