गाभोळी दिसली म्हणजे पिल्लं झाली, असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या तळ्यांवर आलेला लेख माझ्या बहिणीने वाईहून मोबाइलवर पाठवला. लेख चांगला आहे. पण त्यातलं एक वाक्य तेव्हापासून टोचतंय: मिनेसोटात सरकारने तळ्यांत मस्की मासे सोडले आणि आता ते आपोआप वाढताहेत. मी एकोणीस वर्षं सेंट पॉलला राहतो. त्यातले निम्मे शनिवार गळ घेऊन पाण्यावर गेले आहेत, त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं.

आधी हा मासा कोणता ते सांगतो. मस्की, म्हणजे मस्कलंज, हा पाइक कुळातला सगळ्यांत मोठा मासा. अंगाने लांबट, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि आत सुयांसारखे दात. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतल्या ‘माश्किनूझे’वरून त्याचं नाव आलं. शेजारच्या विस्कॉन्सिनने १९५५ साली याला राज्यमासा केलं. इकडचे गळवाले याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. माझा पहिला मस्की तिसऱ्या उन्हाळ्यात लागला. तेव्हा आई इथे आली होती. मी तो मोजून पाण्यात परत सोडला, तर ती म्हणाली, “मग धरलास कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. पण इथे बहुतेक सगळेच तो परत सोडतात. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांपेक्षा, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा, लहान मस्की घरी नेताच येत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण तळ्यात पिल्लं दिसत नाहीत याचं खापर मासे मारून खाणाऱ्यांवर फोडता येणार नाही.

आता प्रश्न असा की, सोडलेले मस्की तळ्यात पिल्लं देतात का? काही ठिकाणी देतात, पुष्कळ ठिकाणी देत नाहीत. आणि कुठे देतात हे काठावर उभं राहून कळत नाही.

लेखकाची फसगत झाली असेल ती इथेच, आणि त्यांना दोष देत नाही, मीही फसलो होतो. वसंतात बर्फ वितळला की राज्याच्या मत्स्य खात्याची माणसं काठाजवळ जाळी लावून मस्की मोजतात. गाभोळीने पोट तटतटलेल्या माद्या त्यात सापडतात. मोठ्या मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. मादी काठाशी फिरते, दोन्ही बाजूंना नर असतात आणि अंडी पडत जातात. हे सगळं डोळ्यांनी पाहिलं की कुणीही म्हणेल, आता तळं मस्कींनी भरणार. पण अंडी घालणं वेगळं आणि पिल्लू जगणं वेगळं.

मस्की घरटं करत नाही, अंड्यांची राखण करत नाही. अंडी विखरून टाकते आणि निघून जाते. अंडं तळाशी जाऊन पडतं आणि आठ-दहा दिवस, पाणी थंड राहिलं तर त्याहून जास्त, तिथेच पडून राहतं. तळाशी कुजक्या पानांचा मऊ गाळ असेल तर त्या कुजण्यातच गाळालगतचा प्राणवायू संपतो. हातभर वर पाणी स्वच्छ असतं, मासे मजेत फिरत असतात, आणि खाली अंडी गुदमरून मरतात. १९८४ साली मत्स्यशास्त्रज्ञ मायकेल डॉम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. जिथे मस्की स्वतःच्या बळावर टिकून होते तिथे गाळ आणि पाणी यांच्या सीमेवर प्राणवायू होता. जिथे टिकत नव्हते तिथे तो जवळजवळ नव्हताच. (हेच डॉम्बेक पुढे १९९७ ते २००१ अमेरिकेच्या वनसेवेचे प्रमुख होते.) २००२ साली उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही तळ टणक असलेली, काठावर बंगले कमी असलेली आणि पाण्यात पडलेली लाकडं तशीच राहू दिलेली तळी मस्कीच्या नैसर्गिक पैदाशीत पुढे निघाली. तळ्याकाठी घर घेतलं की इथला माणूस पहिलं काम काय करतो? बुडालेले ओंडके ओढून बाहेर काढतो आणि पोहायला वाळू टाकतो.

दुसरा अडथळा भाऊबंदकीचा. नॉर्दर्न पाइक हा मस्कीचा चुलतभाऊ बर्फ सुटताच अंडी घालतो. मस्कीला पाणी १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं, म्हणजे दोन-तीन आठवडे उशीर. मस्कीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पाइकचं पिल्लू त्याला गिळण्याइतकं झालेलं असतं. दोघांची जागा एकच असेल तर मस्कीचं काही खरं नाही. उत्तर मिनेसोटातल्या लीच लेक या मोठ्या सरोवरात मात्र मस्की काठ सोडून आत, उथळ पाण्यातल्या कारा नावाच्या वनस्पतीच्या गालिच्यांवर अंडी घालतात. पाइक काठाच्या गवतात, मस्की आत. म्हणून तिथे दोघेही नांदतात. त्याच लीच लेकच्या वंशाचे मासे नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडले आणि त्या तळ्यात तसे गालिचे नसले, तर ते करणार काय? त्यात मस्की वर्षानुवर्षं त्याच जागी अंडी घालायला परततो, असं खुणा केलेल्या माशांवरून दिसून आलं आहे. टाकीतून आणून सोडलेल्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, परतायला जागाच नसते.

मी राहतो त्या बाजूचं व्हाइट बेअर आणि मिनियापोलिसजवळचं मिनेटोंका, दोन्ही मस्कीसाठी नावाजलेली तळी. दोन्ही ठिकाणची मासेमारी सोडलेल्या बोटुकल्यांवर चालते. विस्कॉन्सिनने यासाठी तळ्यांची सरळ वर्गवारीच केली आहे: स्वतःच्या बळावर टिकणारी, थोडी मदत लागणारी आणि सर्वस्वी सोडण्यावर चालणारी. ही वर्गवारी अंदाजाने होत नाही. बोटुकलीच्या पराचा तुकडा कापून खूण करतात किंवा कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. पुष्कळ तळ्यांत एक वर्षाआड मासे सोडतात, म्हणजे मधल्या वर्षी जन्मलेला मासा सापडला तर तो तळ्याचाच हे कळतं. शरद ऋतूत रात्री पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून त्या वर्षीची पिल्लं शोधतात. खूण नसलेलं लहान पिल्लू हाताला लागलं, की मगच ‘वाढताहेत’ म्हणायचं. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे उपसागरात १९८९ पासून मस्की सोडताहेत. ते वाढले आणि अवाढव्य झाले, पण तिथली नैसर्गिक पिल्लं शोधून शोधून थोडी सापडली.

आता उलटी बाजू. ती लेखात यायला हवी होती, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

मिनेसोटाच्या खात्याने कित्येक वर्षं शूपॅक नावाच्या लहानशा तळ्यातल्या मस्कींची पैदास करून ते राज्यभर सोडले, कारण तिथले मासे मिळायला सोपे होते. पण शूपॅकचा मासा जातीनेच लहान. गळवाले कुरकुरू लागले, आणि १९८०च्या दशकात खातं लीच लेकच्या वंशाकडे वळलं. तोवर जिथे मूळचे मस्की होते अशा तळ्यांतही शूपॅकचे मासे गेले होते. पुढे अशाच एका तळ्यातल्या, मूस लेकमधल्या माशांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा सोडणं थांबून काही दशकं उलटली तरी शूपॅकचा वारसा त्यांच्यात होता. म्हणजे तिथे सोडलेल्या माशांनी पिल्लं दिली, आणि ती मूळच्या माशांत मिसळूनही गेली. आता तो वारसा वेगळा कसा काढणार?

त्याहून वाईट कॅनडात झालं. १९७०च्या दशकात क्वेबेकमधल्या लाक फ्रोंतिएर या तळ्यात मस्की सोडले. तळ्याचं पाणी सेंट जॉन नदीला मिळतं. १९८८ साली मस्की पार खाली न्यू ब्रन्सविकमधल्या मॅक्टाक्वाक धरणाशी दिसले, आणि आज त्या नदीत ते कुणाच्याही मदतीशिवाय पैदास करतात. तिथल्या अटलांटिक सामन माशाची अवस्था आधीच बिकट. गळवाल्यांच्या हौसेच्या तळ्यांत दरवर्षी डॉलर ओतून जे होत नाही, ते नको असलेल्या नदीत फुकट झालं. काही राज्यं म्हणून टायगर मस्की सोडतात. तो पाइक आणि मस्कीचा संकर, आणि सहसा वांझ. तिथे पिल्लं न होणं हीच सोय धरलेली असते.

आपल्या वाचकांना हे परकं वाटायचं कारण नाही. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे आपल्या धरणांत दरवर्षी बोटुकली म्हणून सोडतात. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं आणि साठलेल्या पाण्यात ते जमत नाही. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन ते करवून दाखवलं, त्यावरच आजची सगळी मत्स्यबीज केंद्रं उभी आहेत. आणि सेंट जॉन नदीसारखी गोष्ट हवी असेल तर लोणावळ्याला चला. वळवणच्या टाटांच्या केंद्रात महाशीर माशाची पैदास मोठ्या कष्टाने साधली. चांगल्या हेतूने त्याची पिल्लं बाहेरही गेली, कावेरीतही सोडली गेली. निळ्या परांचा हा महाशीर तिथे रुजला, वाढला. कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मात्र घटत गेला. कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींवरून हा बदल पुढे आला. २०१८ साली त्या कुबडवाल्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

धरणात मत्स्यबीज सोडल्याचे फोटो आपल्या दैनिकात दर पावसाळ्यात येतात: पिशवी, पाणी, पाहुणे, आणि किती लाख बीज सोडलं तो आकडा. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने एवढं विचारावं, की या बिजाचे आईबाप कोणत्या नदीचे, आणि गेल्या वर्षी सोडलेल्यांपैकी किती सापडले?

आपला नियमित वाचक,
सेंट पॉल, मिनेसोटा (मूळ गाव वाई)

ता. क. : लेखासोबतच्या फोटोतला मासा मस्की नाही, नॉर्दर्न पाइक आहे. गडद अंगावर फिकट ठिपके असले की पाइक. मस्कीचं उलट असतं, फिकट अंगावर गडद पट्टे किंवा डाग, नाहीतर काहीच नाही. शंका आली तर खालच्या जबड्याखालची भोकं मोजतात. एका बाजूला पाच किंवा कमी असली तर पाइक, सहा ते नऊ असली तर मस्की. फोटोत जबडा नीट दिसतोय. मी मोठं करून मोजली, पाच आहेत.