उपकारस्तुती नाव घेऊन करावी

सोलापूर

चि. कृपा हिस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

पहिला पगार झाला, आता शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) बाई, तरुण संघातले दादा, पाळकसाहेब, सगळ्यांचे आभार मानायचेत; छानसा मेसेज लिहून मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ग्रुपवर टाकते, असं तू फोनवर म्हणालीस. मनात आलं ते उत्तमच. फक्त ग्रुपवर टाकू नकोस. तिथे जोडलेल्या हातांची रांग लागेल, संध्याकाळपर्यंत तो मेसेज वर सरकून जाईल, आणि ज्यांच्यासाठी लिहायचं त्या बाईंकडे अजून बटणांचा फोन आहे.

आधी यादी कर. त्यासाठी नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढ. नावांचाच अध्याय म्हणून आपण तो भराभर वाचून टाकतो. प्रेषित पौल तिथे पंचवीसेक माणसांना नावानिशी सलाम सांगतो आणि कितीतरी नावांपुढे त्या माणसाने काय केलं तेही लिहितो. फिबी पुष्कळांच्या मदतीला आली. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. पर्सिसने फार श्रम केले. रूफाची आई त्याचीही आई झाली. पत्र उतरवून घेणारा तर्तियसुद्धा मध्येच स्वतःचा सलाम घालतो, आणि पौल तो राहू देतो! तू वहीच्या पानावर उभी रेघ मार. डावीकडे नाव, उजवीकडे त्यांनी केलेलं एकच काम. ‘घडवलं’, ‘प्रोत्साहन दिलं’ असलं काही नको, ते कुणापुढेही लिहिता येतं. ‘सहा रविवारांत तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं, दर रविवारी एक वचन नवं आणि मागची सगळी पहिल्यापासून’, असं लिही. उजवीकडे काहीच सुचत नसेल तर त्या नावाला पत्र नको, भेटल्यावर सलाम पुरे.

व्यासपीठावरची नावं आपोआप येतात. सुटतात ती बाकीची. तुला पेटीवर सूर धरायला शिकवणारे, नाताळच्या गायनफेरीनंतर मध्यरात्री एकेका मुलीला दारापर्यंत पोचवून शेवटी स्वतःच्या घरी जाणारे काका, बालवर्गाच्या सतरंज्या झटकून घालणाऱ्या मावशी. आणि ज्यांनी तुला टोकलं ते. उपासनेत देवाचा अनुभव सांगताना तुझी साक्ष लांबली तेव्हा, ‘साक्ष म्हणजे भाषण नव्हे, पाच मिनिटांत आटपायची’, असं उपासना सुटल्यावर बाजूला घेऊन सांगणाऱ्या ताई मुद्दाम लिही. उपदेशक अपुल्लो सभास्थानात बोलत होता तेव्हा प्रिस्किल्ला (तीच ती प्रिस्का) आणि अक्विलाने त्याला तिथेच अडवलं नाही. नंतर आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. चारचौघांत चूक काढणारे पुष्कळ असतात, बाजूला घेणारे थोडेच.

काहींची नावं तुला आठवणारच नाहीत. त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या वाटेची सुरुवात त्या डब्यात होती. आणि त्या प्रवाशाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. अशांसाठी प्रार्थनेत जागा ठेव.

आता पत्र. पत्र एकच पान असावं, रेघी कागदावर, काळ्या किंवा गडद निळ्या शाईत, ओळ सोडून, मोठ्या अक्षरात. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना जेल पेनची बारीक अक्षरं लागत नाहीत, मग पत्र शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावं लागतं आणि त्यातला अर्धा आनंद तिथेच जातो. पत्रात एक प्रसंग आणि तो आज कुठे उपयोगी पडतो, एवढंच. उदाहरणार्थ: ‘बाई, तुम्ही हजेरीच्या वहीत नावापुढे नुसती खूण करत नव्हता, कोण का आलं नाही तेही लिहीत होता, आणि सोमवारी त्या घरी जात होता. मी पुण्यात तरुणांचा छोटा गट घेते. जो येत नाही त्याला सोमवारी फोन करते.’ बस. पुढे जोडायचा मोह झाला तरी थांब.

‘तुमच्यामुळेच मी आज इथे आहे’ हे वाक्य मात्र गाळ. ही माणसं ते ऐकून अवघडतात आणि ‘आम्ही कोण, देवाने केलं’ म्हणून तुझे आभार परत करतात. पौलाने लावलं, अपुल्लोने पाणी घातलं, वाढवलं देवाने, ही मांडणी त्यांच्या अंगात भिनलेली आहे. ‘देवाने तुमच्या हातून माझ्यासाठी हे केलं’, असं लिहिलंस की ते घेतात, नाकारत नाहीत.

पत्र पोस्टाने पाठवण्यापेक्षा हातात दे. मे महिन्यात येणार असशील तर दुपारी कुणाकडे जाऊ नकोस. आपलं ऊन तुला ठाऊक आहे, आणि म्हातारी माणसं त्या वेळी पडलेली असतात. संध्याकाळी पाचनंतर जा. रविवारी उपासना सुटल्या सुटल्या दारात गाठणं तर मुळीच नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष रिक्षाकडे असतं. एकटी जा. अर्धा तास बस. मोबाइल पिशवीत राहू दे, फोटो काढायचाच तर निघताना आणि विचारून. बाई आपल्या मंडळीला अजून ‘मिशन’च म्हणतात, 1970 साली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तरी, त्यांची दुरुस्ती करत बसू नकोस. आणि उठायच्या आधी, ‘बाई, माझ्यासाठी प्रार्थना करा’, म्हण. तो त्यांचा मान आहे, आणि कुठल्याही भेटवस्तूपेक्षा त्यांना तेच हवं असतं.

भेटवस्तूचं सांगते. सोलापुरी चादर न्यायची तर एकेरी, हलकी घे. दुहेरी जाड चादर भिजली की सत्तरीच्या बाईला पिळवत नाही; मग ती कपाटातच राहते. अस्सल चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी तीच, रंग उलटे. मागून नक्षी फिकी दिसली तर छापील समज. कडेचा एक धागा काढून जाळून बघ: सुताची भुसभुशीत राख होते, पॉलिस्टरची गाठ वितळून टणक होते. पहिली धुलाई गार पाण्यात आणि वेगळी, हे त्यांना सांग. गडद लाल रंग थोडा सुटतो. शेंगाचटणी चालेल, खलबत्त्यातली, तिखट बेताचं. कडक भाकरी कवळीवाल्यांना नको ग.

मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र देणार असशील तर भाषांतर बघून घे. त्यांची वचनं जुन्या भाषांतरात पाठ आहेत. नव्या सोप्या मराठीतलं दिलंस तर प्रत्येक ओळीला अडखळतील आणि पुन्हा जुनी फाटकी प्रत काढतील.

पाळकसाहेबांच्या खिशात पाकीट सारू नकोस. देवाला द्यायचं ते उपकारस्तुतीच्या दानात, नाव घालून, खजिनदारांची पावती घेऊन. त्यांना द्यायचं ते वेगळं, घरी जाऊन, पाळकबाईंच्या हातात. दोन्ही एकत्र झालं की हिशेबात गोंधळ होतो, आणि बोलणाऱ्यांना निमित्त मिळतं.

तरुण संघ सत्कार करू म्हणेल. शक्य तर नको म्हण. शाल, हार, भाषणं, आणि एक नाव वाचायचं राहिलं की पुढची पाच वर्षं ते घर दुखावलेलं. व्हायचाच असेल तर नावांची यादी दोन जुन्या माणसांकडून तपासून घ्या, आणि प्रत्येकाबद्दल त्याच्याच वर्गातल्या कुणीतरी दोन वाक्यं बोलावीत.

एक अवघड गोष्ट उरली. तुझ्या पुण्याच्या मंडळीत गिटार, ड्रम असतात, हे काहींना रुचणार नाही. लपवू नकोस, वादही घालू नकोस. बर्णबानेच शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, प्रेषितांकडे नेलं, तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियास आणलं. पुढे मार्काला सोबत न्यावं की नाही यावरून दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. म्हणून आधीचे उपकार पुसले जात नाहीत. पण उपकार आहेत म्हणून कुणाच्या शब्दाबाहेर जायचंच नाही, असंही नाही. आणि ज्याने शिकवण्याच्या नावाखाली कुणाला त्रास दिला असेल, त्याचं नाव यादीतून खुशाल काढ. का काढलं असं कुणी विचारलंच तर मला येऊन विचारू देत.

जे प्रभूकडे गेले त्यांच्या मुलांना लिही. आपल्या आईचा शब्बाथ शाळेतला वर्ग कुणाला आठवतो, हे त्यांना बहुधा माहीतच नसतं.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसने ये, म्हणजे शनिवार अख्खा मिळेल. एका संध्याकाळी दोनच घरं धर. चादरीचे रंग कळव, मी बाजारात जाऊन बघून ठेवते. तू आल्यावर घाईत घेशील आणि धागा जाळून बघायला दुकानदारापुढे लाजशील.

तुझी,
आई