तुझ्या जेफबद्दल आणि तुझ्या तपासणीबद्दल

सोलापूर,
६ ऑगस्ट

चिरंजीव संकेत यास अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी श्रीनिवासच्या गच्चीवरच्या खोलीत तुझ्या मित्रांनी दरवर्षीप्रमाणे जेफ पोर्कारोचा, म्हणजे टोटो या अमेरिकी बँडच्या तुमच्या त्या लाडक्या ड्रमवादकाचा, स्मृतिदिन केला. तू या वर्षी येऊ शकला नाहीस म्हणून श्रीनिवास मलाच न्यायला आला आणि “काकू, संकेतची जागा रिकामी नको,” असे म्हणाल्यावर मला नाही म्हणवले नाही. आज पत्र लिहायला बसले आहे ते त्या कार्यक्रमाविषयी लिहावे म्हणूनच; परंतु स्वातीने परवा फोनवर जे सांगितले ते मनातून जात नाही, तेव्हा ते आधी लिहून मोकळी होते. ड्रमच्या पेट्या जिन्याने वर नेताना तुझ्या छातीत आवळल्यासारखे झाले, तू पायरीवर बसून राहिलास आणि नंतर “पित्त झालं असेल” असे सांगून तिला गप्प केलेस. संकेत, तुझ्या बाबांनीही पित्तच म्हटले होते. याहून अधिक मी त्याबद्दल लिहिणार नाही.

कार्यक्रमाला बरीच मंडळी होती. इरफान आला होता, चर्चमध्ये वाजवणारा तुझा तो उंच मित्र आला होता आणि लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारे दोघे जण वरातीचे काम आटोपून गणवेशातच आले होते. ज्याला यांच्यापैकी कोणी कधी पाहिले नाही, जो यांच्यातील निम्म्यांच्या जन्माआधी गेला, त्या परदेशी वादकासाठी सोलापुरातील ही मुले इतक्या आदराने जमतात, याचे मला आजवर केवळ कौतुक होते. काल त्याचे कारणही समजले. श्रीनिवासने टोटोच्या ‘रोझाना’ या गाण्याचा ठेका मला तीन वेळा वेगवेगळ्या रीतीने वाजवून दाखवला. आधी उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे त्या झांजांच्या जोडीवर, प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून त्यांतील पहिल्या आणि तिसऱ्या भागावर. मग पायाचा ड्रम आणि तिसऱ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे पुढ्यातल्या करकरीत आवाजाच्या ड्रमचा, तो मोठा ठोका. इथपर्यंत सर्व जागच्या जागी होते, पण मला त्यात विशेष काही वाटले नाही. नंतर त्याने डाव्या हाताने मधल्या, रिकाम्या राहिलेल्या भागांवर अगदी हलके, काठी जेमतेम टेकेल असे ठोके भरले, आणि खोलीतील सर्वांच्या माना एकाच वेळी डोलू लागल्या. शेवटी त्याने ते हलके ठोके पुन्हा काढून घेतले, तेव्हा लय तीच असूनही गाणे चालायचे थांबून नुसते उभे राहिले आहे असे मला वाटले. तुम्ही ज्यांना घोस्ट नोट्स म्हणता त्या या, असे इरफानने सांगितले. तू बारा वर्षांचा असताना मागच्या खोलीत रबराच्या पॅडवर तासन्‌तास जे पुटपुटल्यासारखे वाजवायचास, ते हेच होते ना? मला वाटायचे की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तू आवाज दाबतो आहेस.

तुझा तो डावा हात! जेवताना पुढे आला की आजी पाटावरूनच ओरडायच्या. बाबा मात्र त्यांना म्हणायचे की, याच्या दोन्ही हातांना अक्कल आहे, असू द्या. शेडमध्ये माग चालू असताना दुसऱ्या मुलांना कान झाकून घ्यावेसे वाटे आणि तू मात्र कांड्यांच्या टोपलीजवळ बसून राहायचास. “बाबा, तिसरा माग मागे पडतोय,” असे तू म्हणालास तेव्हा मागांची देखभाल करणारा जॉबर हसला होता. नंतर मोटारीचा पट्टा सैल झालेला निघाला आणि तो जॉबर पुढे प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगत राहिला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की सगळी मुले काठ्यांकडे आणि बाराबंदीतल्या मानकऱ्यांकडे बघायची, तू हलगीवाल्यांच्या हातांकडे बघत मागे मागे जायचास आणि आम्ही तुला शोधत फिरायचो. त्या वेळी बाबांच्या खांद्यावर बसून परत येणारा मुलगा आता मुंबईच्या स्टुडिओत वाजवतो, या विचाराने काल त्या खोलीत माझा ऊर भरून आला होता आणि त्याच क्षणी त्या जिन्याची आठवण झाली.

श्रीनिवासने आणखी एक सांगितले ते मला फार आवडले. हा ठेका आपण कुठून घेतला हे जेफने कधीच लपवले नाही. ड्रमवादक बर्नार्ड पर्डीचा शफल, म्हणजे झुलता ठेका, लेड झेपेलिन या बँडच्या जॉन बॉनमने १९७९ साली वाजवलेला त्याच घाटाचा ठेका आणि पायाच्या ड्रमसाठी गायक-गिटारवादक बो डिडलीची चाल, असे तिघांचे ऋण त्याने शिकवण्याच्या व्हिडिओत स्वतः मोजून दाखवले. टोटोच्या ‘टोटो फोर’ला १९८३ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे आणि ‘रोझाना’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट रेकॉर्डचे ग्रॅमी मिळाले, म्हणजे मान मिळाल्यावरही त्याने ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे घेतली. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला असा विद्यार्थी आवडणारच. तूही हलगीवाल्यांचे नाव घेतोस असे इरफान म्हणाला. ते ऐकून बरे वाटले.

स्वतःच्या बँडबाहेर त्याने किती वाजवले हे ऐकताना मी थक्क झाले. विशी ओलांडतो न ओलांडतो तोच, १९७५ साली, स्टीली डॅन या बँडच्या अल्बमवर. १९७६ साली गायक बॉझ स्कॅग्जबरोबर. आणि १९८२ साली मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधील काही गाण्यांवरही तोच. त्यांपैकी ‘बीट इट’ची गोष्ट टोटोचेच गिटारवादक स्टीव्ह लुकाथर यांनी पुढे सांगितली आहे म्हणे: गायन आणि गिटारचा सोलो आधीच ध्वनिमुद्रित होते, पण टेप एकमेकींशी जुळेनात, म्हणून जेफने त्या गायनाच्या मागे मागे जात ड्रम नव्याने वाजवला. कोट्यवधी लोकांनी ते गाणे ऐकले आणि त्यांतील फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असेल. पंचमदांची गाणी लागली की त्यांतला ठेका ऐकून बाबा “हे मारुतीराव कीर बरं का” असे आवर्जून म्हणायचे, कारण रेडिओवर संगीतकार, गायक आणि गीतकार यांची नावे सांगून झाली की निवेदन संपायचे. तुझेही नाव कुठे येत नाही याचे मला पूर्वी वाईट वाटायचे. आता वाटत नाही. रिक्षात एखादी जाहिरात किंवा गाणे लागले आणि त्यात मधले ते हलके ठोके भरलेले ऐकू आले की मी ओळखीन.

परंतु कार्यक्रमाच्या शेवटी मुलांनी त्याच्या मृत्यूविषयी बोलायला सुरुवात केली आणि माझे लक्ष वाजवण्यावरून उडाले. ५ ऑगस्ट १९९२ रोजी घरच्या बागेत कीटकनाशक फवारल्यानंतर तो कोसळला, वय अडतीस. आधी सर्वांना त्या औषधाची बाधा झाली असे वाटले. पुढे लॉस एंजेलिसच्या कॉरोनर कार्यालयाने, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या सरकारी कचेरीने, रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळे हृदयविकाराचा झटका आल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध कोकेनशी लावला. बँडमधील सोबत्यांना ते मान्य झाले नाही आणि त्याच्या घराण्यातच हृदयविकार होता याकडे ते बोट दाखवत राहिले. मुलांमध्ये यावरून वाद झाला. मला त्या वादात कोणाची बाजू घ्यायची नाही आणि तुझ्याविषयी तसली शंका माझ्या मनात आलेली नाही, हे स्पष्ट लिहिते. माझ्या मनात राहिले ते एवढेच की, रक्तवाहिन्या एका दिवसात कठीण होत नाहीत. हातांत इतकी ताकद आणि इतका नाजूकपणा असलेल्या त्या माणसाच्या आत हे वर्षानुवर्षे चालले असेल, आणि बाहेरून ठेका मात्र कुठेही ढळला नव्हता.

त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत बँडचा दौरा होता; त्याच्या जागी ड्रमवादक सायमन फिलिप्स आले आणि दौरा पार पडला. ते योग्यच झाले, पोटापाण्याचा व्यवसाय आहे. डिसेंबरात त्याच्यासाठी मोठमोठ्या कलाकारांनी लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रम केला आणि त्याचे उत्पन्न त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवले. तीन मुलगे, तिघेही लहान. मी मात्र त्याच्या वडिलांचा विचार करत घरी आले. जो पोर्कारो स्वतः ड्रमवादक, तालवाद्यांचे शिक्षक. जेफला पहिल्या काठ्या धरायला त्यांनीच शिकवले. माइक आणि स्टीव्ह हे धाकटे मुलगेही त्याच बँडमध्ये वाजवणारे. जेफ गेला, २०१५ साली दीर्घ आजाराने माइकही गेला, आणि वडील जो पोर्कारो २०२० साली, नव्वद वर्षांचे होऊन गेले. जेफनंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे ते जगले, संकेत. स्वतःच्या मुलाचा हात ते दुकानात, गाडीत, शिकवण्याच्या खोलीत कुठेही ऐकू शकत होते आणि त्यांच्याइतका तो हात दुसऱ्या कोणाला कळत नसेल. तुमच्या कार्यक्रमात जो पोर्कारो यांचे नाव एकदाच, ओघात आले. पुढच्या वर्षी त्यांच्याविषयीही कोणीतरी बोलावे, असे मी श्रीनिवासला सांगितले आहे.

आता जे लिहायचे ते लिहिते. मी आपल्या डॉक्टरांना विचारून आले. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाने तरुण वयापासूनच सावध राहायला हवे, असे त्यांनी सांगितले. आणि चढताना छाती आवळणे, थांबल्यावर बरे वाटणे, हे पित्त समजून सोडून द्यायचे नसते. ईसीजी, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढे तर लगेच पाहायचे, आणि डॉक्टरांनी सांगितले तर ट्रेडमिलची चाचणीही करायची. दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, दरदरून घाम आला, तर एक मिनिटही न थांबता रुग्णालयात जायचे, रेकॉर्डिंग कोणाचेही असो. सिगारेट तू सोडली आहेस असे म्हणतोस, ते खरे असू दे. रात्री दोनला वडापाव आणि चहा, सकाळी झोप, पुन्हा चहा, हे कॉलेजच्या वयात चालून गेले. आता त्याला आळा घाल. पेट्या चढवायला मदतनीस ठेव, त्याचे पैसे मी देईन. तुझ्या हाताला एवढे जपतोस, बर्फ लावतोस, मनगटाचे व्यायाम करतोस, मग ज्या शरीरावर ते हात आहेत त्याला

असो. मी शाळेत असल्यासारखे लिहू लागले, त्याचा राग मानू नकोस. तुला हे सर्व माहीत आहे आणि तू लहान नाहीस. परंतु तू स्वातीला सांगितलेस आणि मला सांगितले नाहीस, यातूनच मला कळते की तुलाही भीती वाटली असणार, आणि भीती वाटली की तू बाबांसारखा गप्प होतोस.

त्या शेवटच्या वर्षी बाबांनी तुझ्यासाठी जुना ड्रमसेट आणला तो दिवस तुला आठवतो का? दोन माग विकले तेव्हाची गोष्ट. साठे वाड्यापर्यंत हातगाडीवर आणि पुढे बोळातून दोघांनी उचलून. चादरीचा धंदा बसत चालला होता, घरात मी बोलले होते, आणि त्यांनी काहीही उत्तर न देता तुला त्या स्टुलावर बसवले. तू वाजवू लागलास तसे ते शेडच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांना तुझे मुंबईतले काम ऐकायला मिळाले नाही. मला मिळते आहे, आणि यापुढेही मिळत राहावे एवढेच माझे मागणे आहे.

रविवारी विनूमामा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघणार आहे. त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि तुझा राहिलेला पॅड देते आहे. चटणीत या वेळी मीठ कमी घातले आहे. स्वातीने तिच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर तुला पाठवला आहे; रक्ततपासणीला उपाशीपोटी जावे लागेल, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत काम असेल तर दुसरा दिवस ठरव, पण तो याच आठवड्यातला असू दे. ईसीजीच्या कागदाचा फोटो मला पाठव. मला त्यातले कळणार नाही, तरी पाठव. मी आपल्या डॉक्टरांना दाखवीन.

तुझी,
आई