सईबरोबर ‘होल्स’ वाचताना: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. त्यातलं लुई सॅकरचं ‘होल्स’ सईला सहावीच्या वर्गात वाचायला लावलंय. तिला ते इतकं आवडलंय की आजी-आजोबांनीही बरोबरीने वाचायचं असा तिचा हट्ट आहे. कादंबरी १९९८ची, पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. इंग्रजी तुम्हाला जड जाणार नाही, वाक्यं छोटी आहेत. गुंता आहे तो बांधणीत, म्हणून हे पत्र.

पुस्तकात तीन गोष्टी एकात एक गुंफल्या आहेत. न केलेल्या बूटचोरीची शिक्षा म्हणून टेक्सासमधल्या मुलांच्या रखरखीत छावणीत आलेला स्टॅन्ली. लॅटव्हियात राहणारे त्याचे खापरपणजोबा. आणि छावणीच्याच जागी शंभरेक वर्षांपूर्वी तळं होतं तेव्हाची गावची शिक्षिका आणि कांदेवाला सॅम. लेखक एकीतून दुसरीत कसलीही सूचना न देता जातो. जुन्या काळातली पानं फाटे फोडल्यासारखी वाटतात, आणि घाईत वाचणारा नेमकी तीच चाळून पुढे जातो. मग शेवटी काय घडलं ते कळतं, पण का घडलं ते कळत नाही.

आई, तू शब्दकोडी सोडवतेस त्या वहीच्या एका पानावर तीन उभे रकाने आख, प्रत्येक गोष्टीला एक. ज्या रकान्यात जी वस्तू भेटेल ती पान क्रमांकासह लिही: कांदे, पीच, सरडे, डुक्कर, लिपस्टिकची नळी, एक अंगाईगीत. तीच वस्तू दुसऱ्या रकान्यात दिसली की पेन्सिलीने रेघ जोड. पहिला भाग २८व्या प्रकरणाला संपतो, तोवर रेघा दिसायला लागतील. पुस्तकाची सगळी गंमत त्या रेघांत आहे. सईने अजून शेवट वाचलेला नाही, तेव्हा एखादी रेघ तुला आधी सापडली तरी तिला सांगू नकोस.

छावणीतल्या मुलांना खरी नावं आणि टोपणनावं दोन्ही आहेत आणि तिथे हमखास घोटाळा होतो. पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा: एक्स-रे म्हणजे रेक्स, आर्मपिट म्हणजे थिओडोर, स्क्विड म्हणजे अॅलन, झिगझॅग म्हणजे रिकी, मॅग्नेट म्हणजे होजे. झिरोकडे नीट लक्ष ठेवा. तो फारसा बोलत नाही, म्हणून विसरला जातो.

बाबा, तुमच्यासाठी खड्डे आहेत. रोज प्रत्येकाने एक गोल खड्डा खणायचा: पाच फूट खोल, पाच फूट रुंद. माप म्हणजे फावडंच, ते तळाशी कुठल्याही दिशेने आडवं बसलं पाहिजे. हिशोब केला तर सुमारे ९८ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास (शंभर घनफूट) माती, वजनाने चारेक टन. आणि उकरलेली माती फुगते, तेव्हा ढीग ब्रासपेक्षा मोठाच. पहिली माती लांब टाकायची असते, कारण खाली उतरल्यावर ती लांब फेकता येत नाही. स्टॅन्लीला हे उशिरा कळतं. एका मुलाचं फावडं किंचित आखूड आहे, आणि त्या एवढ्याशा फरकावर छावणीत कोणाची सत्ता चालते ते लेखकाने फार छान दाखवलंय. मुलांच्या पुस्तकात श्रम इतके मोजूनमापून क्वचितच येतात.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे सॅमची हत्या आहे. तो काळा, शिक्षिका गोरी आणि दोघांचं प्रेम, एवढंच कारण. ते पान सई गप्प बसून वाचेल. तिने विचारलं तर टाळू नका; जातीबाहेरच्या लग्नांबद्दल आपल्याकडे काय काय झालंय, तेही तिला कळायला हवं.

शाळेने आठवड्याला दहा प्रकरणं दिली आहेत. प्रकरणं छोटी आहेत, काही तर पानभराचीच. फोन शनिवारी: आमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे तुमचे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातील, तेव्हापासून आठ वाजता. फोनवर ‘यातून काय शिकलीस?’ असं मात्र विचारू नका. तसले प्रश्न वर्गात पुरेसे असतात. ‘आता पुढे काय होईल गं?’ एवढंच विचारा.

या शनिवारपर्यंत पहिली दहा. बाबांनी ब्रासचा हिशोब तिला करून दाखवावा, तिने अजून फक्त फूट मोजलेत.

तुमची,
मीनल