टाकीला वायफाय कशाला?

महोदय,

अभियांत्रिकी आणि डिप्लोमाच्या मुलांच्या प्रकल्पांचे फोटो आपल्या अंकात येतात, बरं वाटतं. त्यातली बरीच मुलं आधी बुधवार पेठेत आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येऊन गेलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बहुतेकांची मागणी ठरलेली: "काका, ईएसपी-३२ द्या." म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारी, वायफायवाली चिप, छोट्या बोर्डावर बसवलेली. प्रोजेक्ट काय? गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद. मग वायफाय कशाला? "आयओटी लिहिलं की मार्क मिळतात." आयओटी म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं.

पाण्याची पातळी मोजायला घेतात एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर. तो चालतो ५ व्होल्टवर आणि त्याची एको (रीडिंग बाहेर देणारी) पिनही ५ व्होल्ट देते. ईएसपी-३२ ची पिन ३.३ व्होल्टची. मुलं सरळ वायर जोडतात. कधी चालून जातं, कधी पिन जाते आणि "पीस खराब दिलात" म्हणून भांडण आमच्याशी. मध्ये १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर टाकले की ५ चे ३.३ होतात. नाहीतर आर्डुइनोचा उनो किंवा नॅनो बोर्ड घ्या ना! त्यातली एटीमेगा ३२८पी चिप ५ व्होल्टचीच आहे. रॅम अवघी २ किलोबाइट, पण टाकीसाठी तीही चिकार.

ईएसपी-३२ वाईट नाही. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम. मोबाइलवर रीडिंग खरोखर हवं असेल तर डोळे झाकून घ्यावी. फक्त वायफाय चालू असताना तिचा दुसरा एडीसी (अॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वापरता येत नाही, तेव्हा अॅनालॉग सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवरच जोडावा.

खरी फजिती शेतीच्या प्रोजेक्टांची. बांधावर वायफाय कुठलं? मग सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल नेतात आणि त्यात घालतात जिओचं सिम. मॉड्यूल टूजीचं, जिओकडे टूजीच नाही. बॅटरीचंही तेच. ईएसपी-३२ च्या डेटाशीटमध्ये डीप स्लीपला (चिप झोपवून ठेवल्यावर) १० मायक्रोअँपिअर वाचून वर्षाचा हिशेब मांडतात. तो आकडा नुसत्या चिपचा. बोर्डावरचा एएमएस१११७ हा व्होल्टेज ३.३ वर आणणारा रेग्युलेटर एकटाच पाचेक मिलिअँपिअर खातो, वर तो लाल एलईडी रात्रंदिवस जळतो. २५०० मिलिअँपिअर-तासाचा सेल पंधरा-वीस दिवसांत आडवा.

दुसऱ्या टोकाला काही सरांचा ८०५१ चा हट्ट. इंटेलची १९८० ची चिप, शिकायला आजही उत्तम, टायमरचं रजिस्टर स्वतः भरावं लागतं. पण तिच्यात एडीसी नाही. साधा एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावायचा तर एडीसी०८०४ ही चिप वेगळी, तिचं वायरिंग वेगळं, आणि ब्रेडबोर्डवर वायरींचा गुंता.

विभागप्रमुखांना विनंती, प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसला (आराखड्याला) एक पान जोडा: पिना किती लागणार, सेन्सर किती व्होल्टचा, सप्लाय कुठून, इंटरनेट लागतं का, लागलं तर तिथे मिळतं का. चिपचं नाव सगळ्यात खाली. तोंडी परीक्षेत त्या पानावर दोन प्रश्न विचारा. महागडा बोर्ड खपला तर गल्ला माझाच भरतो, तरी सांगतोय. हे पान पहिल्या सत्रातच भरून घ्या. मार्चमध्ये काउंटरवर ते भरून घ्यायला आम्हाला सवड नसते.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्स विक्रेता, बुधवार पेठ, पुणे