झाकला गेलेला बिंदू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील अतिनवताऱ्यांवरील, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवरील, लेख मी आवडीने वाचला. मात्र ‘स्फोटानंतर उरलेला गाभा न्यूट्रॉन तारा झाला, तर तो स्पंदक बनून दीपस्तंभासारखा आपले अस्तित्व कळवतो’ हे त्यातील सरसकट विधान दुरुस्त व्हायला हवे. (न्यूट्रॉन तारा म्हणजे ताऱ्याचा अतिशय घट्ट दाबला गेलेला गाभा; स्पंदक म्हणजे फिरताना ठरावीक अंतराने प्रारणाचे स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा.) गंमत अशी की, त्या विधानाला छेद देणारा पुरावा लेखासोबतच्या कॅसिओपिया-ए या स्फोटाच्या अवशेषाच्या चित्रातच होता. परंतु शीर्षक नेमके चित्राच्या मध्यावर छापल्यामुळे तो अक्षरांखाली झाकला गेला.

शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर असलेला हा अवशेष रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना १९४८ पासून परिचित आहे. तरीही त्याच्या केंद्राजवळचा बिंदू, म्हणजेच उरलेला न्यूट्रॉन तारा, प्रथम स्पष्टपणे दिसला तो ऑगस्ट १९९९ मध्ये, चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या सुरुवातीच्या चित्रात. या वस्तूकडून ना रेडिओ स्पंद मिळतात, ना तिच्याभोवती क्रॅब अभ्रिकेसारखी (स्पंदक असलेल्या एका प्रसिद्ध अवशेषासारखी) वेगवान कणांची प्रभा दिसते. वीसेक लाख अंश तापमानाचा तिचा पृष्ठभाग तेवढा क्ष-किरणांत चमकतो, आणि भोवतालचा तप्त वायूही क्ष-किरणांतच चमकत असल्यामुळे त्या झगमगाटातून हा बिंदू वेगळा काढायला चंद्रा वेधशाळेच्या आरशांची, सुमारे अर्ध्या कोनीय सेकंदापर्यंतचे बारकावे टिपणारी, तीक्ष्ण नजर लागली.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. वातावरण हायड्रोजनचे आहे असे धरून वर्णपटाचा हिशेब केला, की प्रारणाचा उगम अवघ्या चार-पाच किलोमीटर त्रिज्येचा निघे, आणि न्यूट्रॉन ताऱ्यासाठी ही त्रिज्या फारच कमी आहे. पृष्ठभागावरचा एखादा तप्त डागच आपल्याला दिसत असावा असे म्हणावे, तर ताऱ्याच्या फिरण्याबरोबर तेज कमीजास्त व्हायला हवे होते. तसेही आढळले नाही. २००९ मध्ये विन हो आणि क्रेग हाइंके या खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनचे, जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचे वातावरण सुचवले आणि त्रिज्या अपेक्षित दहा ते चौदा किलोमीटरांच्या घरात आली. हा तारा दशकभरात मोजण्याइतका थंड झाल्याचा त्यांचा पुढचा दावा मात्र तितका निर्विवाद राहिलेला नाही, कारण दिसलेल्या घटीतला काही भाग वेधशाळेच्या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाच्या बदलत्या संवेदनशीलतेमुळेही असू शकतो.

असे अबोल तारे आणखीही आहेत. केस्टेव्हन ७९ या अवशेषातील तारा सेकंदाच्या साधारण एक-दशांश काळात एक फेरी पूर्ण करतो, पण त्याचे स्पंद क्ष-किरणांतच मिळतात. शिवाय त्याचे चुंबकीय क्षेत्र क्रॅब स्पंदकाच्या सुमारे शतांश असल्याने त्याचा फिरण्याचा वेग जवळजवळ घटतच नाही. याउलट आरसीडब्ल्यू १०३ या अवशेषातील वस्तू तर वर्गीकरणालाच दाद देत नव्हती. १९८० मध्ये आइनस्टाइन वेधशाळेच्या निरीक्षणांतून तिचा शोध लागला, तिचे तेज सुमारे ६.६७ तासांच्या आवर्तनाने बदलते, आणि २०१६ च्या जूनमध्ये तिने मॅग्नेटारसारखा (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यासारखा) क्ष-किरणांचा स्फोट केला. तेव्हा रेडिओ दुर्बिणींना सापडलेल्या स्पंदकांवरूनच न्यूट्रॉन ताऱ्यांची कल्पना करणे म्हणजे मोठ्याने बोलणाऱ्यांचीच शिरगणती करण्यासारखे आहे.

आणखी एक सूचना. अशा चित्रांतील रंग डोळ्यांना दिसणारे नसून क्ष-किरणांच्या वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांना दिलेले असतात, याचा उल्लेख चित्राखाली एका ओळीत करता येईल. शक्य असल्यास कॅसिओपिया-ए चे तेच चित्र पुन्हा छापावे, शीर्षक बाजूला घ्यावे आणि त्या बिंदूवर एक बाण दाखवावा.

आपला,
एक नियमित वाचक