ग्राहकाचे गिऱ्हाईक करणारी रचना

महोदय,

‘जागरूक ग्राहक व्हा’ असे सांगणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती बहुतांशी बरोबर आहे, पण सावध राहण्याचा सगळा भार ग्राहकाच्याच डोक्यावर टाकला आहे. तो पटत नाही.

सावधपणाला मर्यादा असतात, हे मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवले आहे. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांच्या १९७४च्या लेखातला प्रयोग पाहा. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवले जाई. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती. मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, हे विचारले. १० पाहणाऱ्यांचे मध्यक (उत्तरे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) उत्तर आले २५, तर ६५ पाहणाऱ्यांचे ४५. अचूक उत्तराला पैसे देऊ केले तरी हा परिणाम ओसरला नाही. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, हे समोर दिसत असूनही! छापील किंमत खोडून शेजारी ‘आजची किंमत’ लिहितात, तेव्हा खोडलेला आकडा हेच काम करतो. तो वाचायचा नाही असे ठरवता येत नाही. म्हणून विचारायचे ते एवढेच, की त्या किमतीला ही वस्तू कधी खरोखर विकली गेली होती का?

लेखात जॅमच्या प्रयोगाचा दाखला आहे. दुकानात चव घेण्यासाठी जॅमचे २४ प्रकार मांडल्यावर तिथे थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडल्यावर ३० टक्क्यांनी. ‘पर्याय जास्त म्हणजे गोंधळ जास्त’ हा निष्कर्ष मात्र इतका सरळ नाही. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. छुप्या संदेशांचेही तसेच. पडद्यावर क्षणभर मजकूर झळकवून विक्री वाढवल्याचा अमेरिकी बाजार-संशोधक जेम्स विकारी यांचा १९५७चा दावा त्यांनी स्वतःच १९६२ मध्ये प्रसिद्धीची युक्ती म्हणून निकालात काढला. नसलेल्या जादूची धास्ती आपण अजून बाळगतो आणि डोळ्यांदेखत चाललेले सोडून देतो.

डोळ्यांदेखत म्हणजे कसे, ते एखाद्या ऑनलाइन सेवेचे सदस्यत्व रद्द करायला गेल्यावर कळते. घेताना दोन टिचक्या पुरतात. सोडताना पहिल्या पानावर ठळक रंगाचे बटण ‘सदस्यत्व सुरू ठेवा’ आणि त्याखाली फिकट करड्या अक्षरांत ‘तरीही पुढे जा’. दुसऱ्या पानावर कारण सांगा, तिसऱ्यावर सवलत घ्या, चौथ्यावर ‘रद्द करण्याऐवजी महिनाभर थांबवा’. शेवटच्या पानावर रंगांची अदलाबदल. आतापर्यंत फिकट पर्याय दाबत आलेले बोट सवयीने पुन्हा फिकट पर्यायच दाबते, आणि आता त्याचा अर्थ ‘राहू द्या’ असा असतो. घाईचे घड्याळही असेच तपासता येते. ‘सवलत संपायला ९ मिनिटे’ दिसले की तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडावे. घड्याळ पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू झाले तर मुदत सवलतीला नाही, तुमच्या भेटीला आहे.

या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव संकेतस्थळांचे डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळे तपासली. त्यांत अशी १,८१८ उदाहरणे सापडली आणि १८३ स्थळांवर तर उघड फसवणूक होती. ‘इतक्याच वस्तू शिल्लक’ हा आकडा काही ठिकाणी गोदामातून नव्हे, चक्क संगणकाने मनाला येईल तशा काढलेल्या (यादृच्छिक) संख्येतून येत होता. अशा सूचना तयार स्वरूपात विकणाऱ्या कंपन्याही आढळल्या. तेव्हा ‘डिझायनरच्या हातून चुकून झाले’ ही सबब टिकत नाही.

एक बारकावा मात्र फारसा बोलला जात नाही. लुगुरी आणि स्ट्राहिलेविट्झ या संशोधकांच्या २०२१च्या प्रयोगांत सौम्य क्लृप्त्यांनी नको असलेली सेवा घेणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक केले, आक्रमक क्लृप्त्यांनी जवळपास चौपट. आक्रमक प्रकाराने लोक चिडले, सौम्य प्रकाराने नाही, आणि कमी शिकलेले लोक सौम्य प्रकाराला अधिक बळी पडले. म्हणजे चिडून तक्रार करणाऱ्यांवर विसंबलेली व्यवस्था नेमकी सौम्य फसवणूक पकडू शकत नाही. खरी मेख इथे आहे. ‘जागरूक व्हा’ हा सल्लाही आधीच जागरूक असलेल्यांनाच पोचतो.

मग विक्रेत्याने मन वळवूच नये का? जरूर वळवावे. वस्तूचे गुण रंगवून सांगणे हा धंदा आहे. पण युक्ती ग्राहकाला मोकळेपणी सांगितली तरी चालते का, एवढे तपासावे. ‘दहा घेतल्यास एक मोफत’ सांगूनच चालते. ‘होकाराच्या चौकटीत ही खूण आम्ही आधीच लावून ठेवली आहे, तुमच्या लक्षात येणार नाही म्हणून’ हे सांगता येईल का? आयत्या खुणेचे बळ लहान नसते. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये अवयवदानाची संमती तुलनेला घेतली. स्वतःहून होकार नोंदवावा लागणाऱ्या जर्मनीत ती १२ टक्के होती, तर नकार नोंदवावा लागणाऱ्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. शेजारी देशांतल्या माणसांची दानत एवढी वेगळी नसते. अर्ज भरण्याची तसदी कोणावर टाकली, त्याचा हा फरक आहे.

विक्रेत्यांकडून अपेक्षा ठेवायची तर ती मोजता येईल अशी असावी. सगळी शुल्के धरून एकूण किंमत पहिल्याच पानावर दिसावी. नाव-पत्ता आणि कार्डाचा क्रमांक भरून झाल्यावर वाढीव आकडा दिसला, तरी घेतलेले कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढेच जातो. बाहेर पडायला आत येण्याइतक्याच टिचक्या लागाव्यात. मोफत चाचणी संपण्याच्या काही दिवस आधी, पैसे कापण्यापूर्वी, आठवण यावी.

आणि हीच कसोटी वृत्तपत्रांनाही लागू आहे. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्याच टंकात, बातमीच्याच मांडणीत येतो आणि ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. समोरचा विकतो आहे हे कळले की वाचक आपोआप हातचे राखून वाचतो. ते कळूच नये, यासाठीच अक्षरे लहान ठेवलेली असतात. आपल्या दैनिकाने हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याच्याच आकारात छापावा, ही विनंती.

– एक वाचक